सिद्धार्थ कॉलेज आणि आपल्या पोरांचे वेळापत्रक
(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



आज दोन शब्द बोलण्याचे काम समितीने अभ्यासवर्गाकडे दिले. आम्ही काही मोठे विद्वान नाही. आमच्यात कोणी शाळेत शिकवतो, कोणी कचेरीत कारकून आहे, कोणाचे चौकात दुकान आहे. वर्धापनदिनाला बाबासाहेबांच्या मोठेपणावर भाषणे होतात, ती व्हायलाच पाहिजेत. यंदा आम्ही ठरवले, की बाबासाहेबांनी काढलेल्या एका कॉलेजाची गोष्ट सांगायची. ते कोणासाठी काढले, कुठे काढले आणि किती वाजता भरवले, हे सांगायचे. ‘किती वाजता’ हे ऐकून काही जण हसतील. पण आमचे आजचे सगळे म्हणणे त्या दोन शब्दांतच आहे.

सुरुवात बाबासाहेबांच्या घरापासूनच करू. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. चूल तिथेच, सामान तिथेच, झोपणेही तिथेच. मुलाला अभ्यासाला जागा कुठली? तेव्हा रामजीबाबांनी युक्ती काढली. भीमराव लवकर झोपायचे, सुभेदार जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमारास ते मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. मग दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. ही हकीकत आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. रामजीबाबांपाशी दुसरी खोली नव्हती, ती घ्यायला पैसा नव्हता. त्यांनी वेळ वाटून घेतला. एका खोलीच्या त्यांनी दोन खोल्या केल्या, एक झोपण्याची आणि एक अभ्यासाची, आणि त्या घड्याळाने वेगळ्या केल्या. आम्हाला वाटते, पुढे जे सिद्धार्थ कॉलेज झाले त्याचे बीज त्या चाळीतल्या खोलीत आहे.

बाबासाहेबांनी कॉलेज आतून पाहिले होते. एल्फिन्स्टनमध्ये ते शिकले, कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. कॉलेजात कोण येतो आणि कोण येऊ शकत नाही, हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिले होते. दार कायद्याने सर्वांना उघडे, पण आत येणारा बहुतेक ज्याच्या घरी दुसऱ्याची कमाई चालते तोच. ज्याला दिवसा पोटासाठी राबायचे आहे त्याच्यासाठी ते उघडे दार बंद असल्यासारखेच होते.

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. महायुद्ध संपत आले होते, स्वातंत्र्य जवळ येत होते. ते तेव्हा व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, दिल्लीला कामाचा डोंगर होता. तरी वर्षाच्या आत, २० जून १९४६ रोजी, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. इमारत कुठली होती? मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकी! युद्धासाठी उभारलेल्या त्या बराकींत वर्ग भरू लागले. आधी भव्य इमारत, मग कॉलेज, असा विचार करत बसले असते तर दोन पिढ्या गेल्या असत्या.

पुढे कॉलेज फोर्टात आले. दादाभाई नौरोजी रस्त्यावर बुद्ध भवन आणि आनंद भवन या दोन इमारती आहेत, तिथे ते आजही आहे. ज्यांनी मुंबई पाहिली त्यांना ठाऊक आहे, बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडून फ्लोरा फाउंटनकडे निघाले की हाच रस्ता लागतो. आजूबाजूला बँका, विमा कंपन्या, पोस्ट, कचेऱ्या. कॉलेजची जागा अशी निवडली, की गाडीतून उतरलेला पोरगा पायी वर्गात जाईल आणि वर्ग सुटला की पायी कामावर. गरिबाच्या शिक्षणात जागेला किती महत्त्व आहे, हे खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या पोरीला विचारा.

आणि वेळ? सिद्धार्थने सकाळचे वर्ग चालवले. कचेऱ्या उघडण्याच्या आत तास संपायचे. म्हणजे पट्टेवाला, कारकून, दुकानातला नोकर, छापखान्यातला जुळारी, यांनी सकाळी शिकावे आणि दिवसा कमवावे. रोजगार सोडून शिक्षण नाही, आणि शिक्षण सोडून रोजगारही नाही. ज्याला पूर्वी ‘तू नोकरी करतोस, मग कॉलेज विसर’ असे सांगितले जायचे, त्याला इथे सांगितले गेले, ‘तू नोकरी करतोस ना, मग पहाटे ये.’ कॉलेजने विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे आपले घड्याळ लावले.

कष्टकऱ्यांच्या सवडीने शाळा भरवण्याची रीत तशी जुनी आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. लंडनमध्ये १८२३ साली कारागिरांसाठी संध्याकाळच्या शिक्षणाची संस्था निघाली, तीच आज बर्कबेक नावाने ओळखली जाते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गावोगावी अशी कॉलेजे निघाली, की घरी राहून, काम सांभाळून शिकता यावे. तिकडे त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात, आपण लोकांचे कॉलेज म्हणू. सिद्धार्थ हे त्याच घराण्यातले आहे.

काही जणांना वाटते की सिद्धार्थ फक्त आपल्या समाजासाठी होते. तसे नाही. ते सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते, आणि शिकवणारेही सर्व समाजांतले होते. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर हे संस्कृतचे गाढे पंडित. मराठी शिकवायला अनंत काणेकरांसारखे लेखक. भौतिकशास्त्र शिकवायला प्रा. मधु दंडवते, जे पुढे देशाचे रेल्वेमंत्री आणि नंतर अर्थमंत्री झाले. बाबासाहेबांनी प्राध्यापक निवडताना जात पाहिली नाही, विद्वत्ता पाहिली. गरिबाच्या पोराला उरलेसुरले शिक्षण नको, उत्तमातले उत्तम पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. आजही कुठे कुठे ‘यांना एवढं चालतं’ असे बोलले जाते. त्याला सिद्धार्थने तेव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

ग्रंथालयाचे तर काय सांगावे! बाबासाहेबांचा जीव पुस्तकात. त्यांच्या संग्रहातले ग्रंथ सिद्धार्थच्या ग्रंथालयात आले. ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याशी बाबासाहेबांचा पुस्तकांवरून कायमचा व्यवहार असे. ज्या पोराच्या घरी पंचांगापलीकडे छापील कागद नव्हता, तो पोरगा इथे बाबासाहेबांनी हाताळलेले पुस्तक मागून घेऊ शकत होता.

विद्यार्थ्यांची संसद हीसुद्धा सिद्धार्थची एक खासियत. मुलांनी सत्ताधारी आणि विरोधी असे बाक मांडायचे, विधेयक मांडायचे, त्यावर वाद घालायचा. बाबासाहेब स्वतः त्या संसदेत येऊन बोलले आहेत. तिकडे दिल्लीत देशाची घटना लिहिणारा माणूस इकडे पोरांच्या संसदेला वेळ देत होता. सकाळी ज्या पोराने भर वर्गात उभे राहून मंत्र्याला प्रश्न विचारला, तोच पोरगा दुपारी साहेबासमोर फाईल घेऊन उभा राहत होता. पण आता त्याची मान वेगळी होती. कॉलेजातले जीवन म्हणतात ते हेच. तासाला बसणे हा त्यातला एक भाग झाला. वाद घालणे, ग्रंथालयात रेंगाळणे, दुसऱ्या जातीच्या मित्राच्या डब्यात हात घालणे, हस्तलिखिताला कविता देणे, हा दुसरा भाग. पदवी पहिल्या भागाने मिळते, माणूस दुसऱ्याने घडतो.

सकाळच्या वर्गाने मुंबईच्या नोकरदार पोरांचा प्रश्न सुटला. पण खेड्यातल्या पोराचे काय? त्याच्या गावापासून कॉलेज शंभर कोसांवर. त्याला पहाटेचा वर्ग काय कामाचा? त्याला आधी छप्पर पाहिजे आणि दोन वेळची भाकर पाहिजे. म्हणून दुसऱ्या जागी बाबासाहेबांनी दुसरा उपाय केला. १९५० साली सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. मराठवाडा निजामाच्या राज्यातून नुकताच मोकळा झाला होता, उच्च शिक्षणाची तिथे दैना होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. भदंत नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, आणि त्या प्रश्नांना उत्तर देणारा नागसेन. नावातच शिकवण आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि गुरूने न रागावता उत्तर द्यावे!

मिलिंदचा आधार होता वसतिगृह. बाबासाहेबांना वसतिगृहाचे मोल आधीपासून ठाऊक होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ सालीच सोलापूरला वसतिगृह काढले होते. मराठवाडा, खानदेश आणि आपला वऱ्हाड, या भागांतली पोरे पेटी आणि वळकटी घेऊन नागसेनवनात उतरली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी त्या पोरांना घडवले. त्यांचे ‘युगयात्रा’ नाटक आपल्यातल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे आले, प्रा. गंगाधर पानतावणे होते. १९६७ साली ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षर ओळखू दिले नाही त्यांची पोरे लिहू लागली, आणि मराठी साहित्याला त्यांची दखल घ्यावी लागली. तिकडे मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरे रात्र-रात्र वाद घालत होती. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्या वसतिगृहाच्या खोल्यांतून चळवळीला कार्यकर्ते मिळाले. त्याआधी १९६४ साली आपल्या विदर्भात, नागपूरला दीक्षाभूमीवर, डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले होतेच.

आता मुंबई, औरंगाबाद, नागपूर सोडून आपल्या मंगरूळपीरला येऊ.

आमच्या आजोबांच्या वेळी आपला तालुका अकोला जिल्ह्यात होता, मॅट्रिक झालेला माणूस वस्तीत बोटावर मोजता येत होता. १९९८ पासून आपला वाशीम जिल्हा झाला. आज गावात कॉलेज आहे, शिष्यवृत्ती आहे, सरकारी वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. हे सगळे आहे आणि तरी आम्हाला वस्तीत काय दिसते? ‘बी.ए.ला नाव टाकून ठेवलं.’ हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. नाव टाकून ठेवलं! जसा पाहुण्याने खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा. पोरगा कॉलेजात जात नाही, तो पेट्रोल पंपावर आहे, मोबाईलच्या दुकानात आहे, कोणाच्या ट्रॅक्टरवर आहे. सोयाबीनच्या सोंगणीला पंधरा दिवस जातात, कापूस वेचणीला आणखी जातात. परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड येते. निकाल लागतो, एक-दोन विषय राहतात, आणि पुढच्या वर्षी नावही टाकले जात नाही.

मायबापाला दोष देणे सोपे आहे. आम्ही देत नाही. ज्या घरी दोघांच्या मजुरीशिवाय चूल पेटत नाही, त्या घरची माय म्हणते, ‘दोन वर्सं कामाले लागला तं बहिणीच्या लग्नाले हातभार होईन.’ ती काही शिक्षणाची वैरीण नाही. आणि पोरगाही आळशी नाही. दहा-दहा तास उभे राहून काम करणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? प्रश्न त्याच्या दिवसाचा आहे. त्याच्या दिवसात अभ्यासाला तासच उरलेला नाही, आणि रात्री घरी आला तर बसायला जागा नाही. एका खोलीत टीव्ही, आजारी आजी, लहान भावंडे. परळच्या चाळीतली खोली अजून आपल्या वस्तीत आहे. रामजीबाबांची युक्ती मात्र आपण विसरलो.

पोरींचे तर आणखी अवघड आहे. शेलूबाजारकडून, आसेगावकडून येणारी पोरगी एस.टी.च्या वेळेची बांधलेली. आपल्या वस्तीतली पोरगी झाडलोट, पाणी, स्वयंपाक करून उरलेल्या वेळेत शिकते. तिने बाहेर बसून अभ्यास करायचा म्हटला तर ‘अंधार पडल्यावर कुठं?’ हा पहिला सवाल. सवाल वावगा नाही. पण त्याचे उत्तर शोधायचे कोणी? तिने एकटीने?

म्हणून आज या व्यासपीठावरून आम्ही विहार समितीपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे एक मागणी ठेवतो. मागणी पैशाची नाही, वेळेची आहे.

आपले हे सभागृह सकाळ-संध्याकाळच्या वंदनेला उघडते, लग्नाला उघडते, जयंतीच्या बैठकांना उघडते. बाकी वेळ कुलूप. आमचे म्हणणे असे, की पहाटे पाच ते आठ आणि रात्री वंदनेनंतर दहापर्यंत हे सभागृह अभ्यासासाठी उघडे ठेवावे, वर्षाचे बाराही महिने. दोन लांब टेबले, चार बाक, चांगले दिवे आणि पिण्याचे पाणी. एवढेच. शिकवणी नाही, फी नाही. ज्याला दिवसा काम आहे त्याने पहाटे यावे. जिला दुपारी सवड नाही तिने रात्री यावे, आणि त्या वेळी रोज दोन महिला आळीपाळीने इथे बसतील व मुलींना घरापर्यंत सोडतील. यासाठी काही भगिनींनी आपणहून नावे दिली आहेत, त्यांना आम्ही वंदन करतो. बाकीच्या घरांनीही नावे द्यावीत.

काही ज्येष्ठांनी शंका काढली, की विहार ही शांततेची जागा, तिथे पोरांचा गोंधळ कशाला? त्यांचा मान ठेवून आम्ही सांगतो, की जुने विहार शिक्षणाचीच ठिकाणे होती. नालंदा हे महाविहारच होते. तिथे राहत, शिकत, वाद घालत, ग्रंथ लिहीत. बुद्धमूर्तीसमोर पोरगा पुस्तक उघडून बसला तर ती जागा विटाळत नाही, शोभते. वंदनेच्या वेळी वंदना होईल, अभ्यासाच्या वेळी अभ्यास. रामजीबाबांच्या खोलीसारखेच.

दुसरी शंका विजेच्या बिलाची. जयंतीच्या मिरवणुकीत डी.जे.वर आपण जो खर्च करतो त्याच्यातला थोडा भाग इकडे वळवला तरी वर्षाचे बिल निघते. मिरवणूक काढू नका असे आम्ही म्हणत नाही. आवाज थोडा कमी करा आणि दिवा थोडा जास्त वेळ जळू द्या, एवढेच म्हणतो.

आणखी एक काम अभ्यासवर्ग स्वतः करणार आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, बँकेचे खाते, यांपैकी एक कागद अडला की पैसे अडतात आणि पैसे अडले की पोरगा कामाला लागतो. अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. ती एका दाखल्यावाचून बुडू देणे आपल्याला शोभत नाही. म्हणून प्रवेशाच्या महिन्यांत दर रविवारी आमच्यापैकी दोघे इथे बसतील. ज्याचा कागद अडला आहे त्याने यावे. लाजू नये.

कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनो, शेवटचे तुमच्याशी. नाव टाकून ठेवू नका, नावाच्या मागे स्वतः जा. रोज जमत नसेल तर आठवड्यातले जमतील तेवढे दिवस जा, पण त्या दिवशी ग्रंथालयात जा, मागच्या बाकावरून पुढे या, सरांना एक तरी प्रश्न विचारा. महिन्यातून एका रविवारी या सभागृहात आपण आपली संसद भरवू. पहिला विषय आम्ही सुचवतो, गावातल्या पोरींसाठी संध्याकाळची एस.टी. बोलायला भीती वाटेल, वाटू द्या. आधी आपल्याच माणसांपुढे अडखळा, मग परक्यांपुढे अडखळणार नाही.

समितीने या मागणीवर येत्या बैठकीत निर्णय घ्यावा, अशी नम्र विनंती आहे. किल्ली कोणाकडे राहील हा प्रश्न निघेलच. पहाटे पाचला उठून कुलूप उघडण्याची जबाबदारी अभ्यासवर्ग घेतो. आमच्यातल्या सात जणांनी सात वार वाटून घेतले आहेत.